बाकीचे चारशे अठरा

"चपला कशाला काढतोस," तो म्हातारा म्हणाला. "ही काही मशीद नाही."

तोवर माझी एक चप्पल काढून झाली होती. ती परत पायात घातली आणि वर बघितलं.

समोर दगडाची भिंत होती. डावीकडं बघितलं तरी भिंत, उजवीकडं बघितलं तरी भिंत. पुढं खांबांची ओळ, मधोमध एक उंच मनोरा, आणि भिंतीवर माझ्या डोक्याच्या वरपासून गुडघ्यापर्यंत कोरलेली इंग्रजी अक्षरं. नुसती नावं. मी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं चालत निघालो आणि पावलं मोजता मोजता विसरलो.

मी गवंडी. माझा बाप गवंडी, आज्जा गवंडी. बांधकाम बघितलं की माझा हात आधी सांध्याकडं जातो. दोन दगडांच्या मधे नख घालून बघितलं, नख शिरेना. पन्नास वर्षं त्या उन्हात उभी असलेली भिंत, पण एक दगड रेषेच्या बाहेर आलेला नव्हता. मी चौदा महिने इराकात दवाखान्याच्या इमारतीवर काम करत होतो. आम्ही बांधत होतो ते काम या भिंतीपुढं पोरांनी केलेल्या चिखलाच्या घरासारखं होतं. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

"कुणाला शोधतोस?" म्हाताऱ्यानं विचारलं.

त्याची हिंदी मोडकी होती आणि माझीही मोडकी. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडची फौज तिकडं बसऱ्याला होती. तिच्या भटारखान्यात तो पाणी भरायचा, तिथं शिकलेला. त्याला सगळे अबू जासिम म्हणत, म्हणजे जासिमचा बाप. तिकडं माणसाला थोरल्या लेकाच्या नावानं हाक मारायची पद्धत आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या शिपायांचं हे इंग्रजांनी बांधलेलं स्मारक झाडायचं आणि झाडांना पाणी घालायचं, हे त्याचं काम.

"एक शिपाई आहे," मी म्हणालो. "साळुंखे. येसाजी साळुंखे. पहिल्या लढाईतला."

"तुझा कोण?"

"बायकोच्या आईचा बाप."

"लांबचा आहे."

"बायको जवळची आहे."

तो हसला. त्याचे पुढचे तीन दात नव्हते. "चल," म्हणाला.

बायको म्हणजे हौसा. ती जाऊन आता दीड वर्ष झालं. खरं म्हणजे ही हकीकत तिनं सांगायची. ती सांगायची तेव्हा मी शेजारी बसून नुसती मान हलवायचो. आता मलाच सांगायला पाहिजे.

हौसाची आई तिच्या लहानपणीच गेली. तिला वाढवलं तिच्या आज्जीनं, चिमाआज्जीनं. चिमाआज्जी सोळा वर्षांची असताना तिचा नवरा पलटणीतून बोटीनं बसऱ्याला गेला. पोटात हौसाची आई होती. दोन वर्षांनी गावच्या पाटलाकडं सरकारी कागद आला. शिपाई सापडत नाही, मेला असं धरून त्याच्या विधवेला पेन्शन द्यावी, असं त्यात लिहिलं होतं. विधवा म्हणून आंगठा उठवायचा होता. चिमाआज्जीनं आंगठा दिला नाही. "ह्यांनी मेल्याला बघितलं न्हाय तर मी कशी रांड व्हऊ?" असं ती पाटलाला चारचौघांत म्हणाली. पेन्शन गेली. दुसऱ्याच्या रानात खुरपून तिनं लेक वाढवली, मग लेकीची लेक वाढवली. कपाळाचं कुंकू आणि हातातल्या हिरव्या बांगड्या तशाच राहिल्या.

मी इराकात निघालो तेव्हा तिला ऐंशीवं वर्ष लागत होतं. गावात तिची गंमत झाली होती, गंमत म्हणायचं एवढंच. लग्नात सवाष्णी जेवायला बोलवायच्या तर तिला कुणी बोलवत नसे, कारण नवरा असता तर पंच्याऐंशीचा असता. विधवा म्हणून बाजूला बसवायचं तर तेही कुणाच्या तोंडून निघत नसे. बायका तिला वळसा घालून जायच्या.

मी जायच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "जावयबापू, तिकडं चाललाय तर बघून या."

"काय बघू, आज्जी?"

"त्यांचं काय झालं ते. मी मेले की ह्या बायका माझ्या अंगावर हिरवं घालायचं का पांढरं म्हणून भांडत बसतील, आन् मडं तसंच पडंल. एकदा काय ते ठरू द्या."

हौसानं शाळेतल्या मास्तरांकडून नाव आणि पलटण इंग्रजीत लिहून आणली आणि चिठ्ठी माझ्या खिशात घातली. बसऱ्याच्या कामावर बदली व्हायला मला तेरा महिने लागले. आणि एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी ती चिठ्ठी घेऊन त्या भिंतीपुढं उभा राहिलो.

अबू जासिम मला मराठा पलटणीच्या जागी घेऊन गेला. इंग्रजी अक्षरं मला जुळवता यायची, कामावरच्या नकाशांवरून शिकलो होतो. वर गोऱ्यांची नावं. खाली सुभेदार, जमादार अशी आपली माणसं आली. एक शिंदे होता. एक कदम होता. एक शेख होता. परक्या मुलखात, समुद्रापलीकडं, दगडावर कदम. माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे आपली पण आहेत, म्हटलं. सापडणार.

मी चिठ्ठी दगडाला लावून एकेक नाव जुळवत खाली आलो. दहा-अकरा नावं झाली आणि नावं संपली. त्याखाली एकच ओळ होती. मी ती तीनदा वाचली. अँड ४१८ अदर इंडियन सोल्जर्स.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"आणि बाकीचे चारशे अठरा," अबू जासिम म्हणाला.

"नावं कुठं आहेत त्यांची?"

"हेच."

"गोऱ्यांचा साधा शिपाई तर नावानं आहे. तो बघ तिकडं."

"तो आहे. तुमच्यातला साहेब असेल तर तोही आहे. तुमचा साधा शिपाई आकड्यात आहे. सगळ्या भिंतीवर असंच आहे, चल दाखवतो. शीख, पठाण, गुरखे, सगळे. नावं एखाद्या वहीत असतील म्हणतात, विलायतेत. मी वही बघितली नाही."

मी त्या ओळीच्या खालचा दगड वितीनं मोजला. कामाची सवय. अक्षराची उंची मोजली, दोन ओळींमधली जागा मोजली. मग शेजारचा कोरा दगड मोजला, त्याच्या शेजारचा मोजला. ओळीत तीन नावं घातली असती तर चारशे अठरा नावं बसून वर वीतभर जागा उरत होती.

"दगड कमी पडला नव्हता," मी म्हणालो.

"कमी पडला असं मी कुठं म्हणालो?"

माझ्या पिशवीत छिन्नी होती. गवंड्याच्या पिशवीत असतेच. मी छिन्नी काढली, हातोडी काढली. येसाजी साळुंखे, मराठीत सहा अक्षरं. हलक्या हातानं तासाभराचं काम. हौसाला सांगता आलं असतं की नाव आहे. त्यात खोटंही काही नव्हतं.

अबू जासिम खांबाच्या सावलीत बसला आणि त्यानं विडी पेटवली. मला वाटलं आता ओरडेल.

"कोर," तो म्हणाला. "कोण येतंय बघायला. वर्षातून दोन गोरे येतात, फोटो काढतात, मला सिगारेट देतात आणि जातात. कोर. पण तुझं झालं की त्याच्या खाली माझ्या बापाचंही कोर."

"तुझा बाप पलटणीत होता?"

"नावाडी होता. या नदीवर त्याची नाव होती. फौजेला नावा पाहिजे होत्या. बाप म्हणाला, नाव देणार नाही, पोरं काय खातील. मी तेव्हा आईच्या कडेवर होतो. त्याला तिथंच खजुराच्या झाडाखाली उभं केलं." त्यानं नदीकडं बोट केलं. "हुकूम गोऱ्यानं दिला. बंदूक तुझ्याकडच्या माणसाची होती. आई सांगायची, सावळा होता, डोक्याला फेटा होता. वीस-बावीस वर्षांचा पोरगा. गोळी घातली आणि झाडाला धरून ओकत बसला."

छिन्नी मी दगडाला लावलेली होती. ती तशीच राहिली.

"तरी तू इथं झाडतोस?" मी म्हणालो.

"बापाला नदीत टाकलं त्यांनी. त्याची झाडायची जागा नाही." त्यानं विडी विझवली. "म्हणून ही झाडतो."

मी छिन्नी पिशवीत टाकली. कोरायचं का नाही याचा विचार मी पुन्हा केलाच नाही. येसाजीचं नाव कोरलं असतं तर तो मेला असं मी ठरवलं असतं, आणि मी काही त्याला मेलेला बघितलेला नव्हता. आणि तो मेला असो वा नसो, त्या झाडाखालचा फेटेवाला कोण होता तेही मला माहीत नव्हतं. ती भिंत मघापेक्षा मोठी दिसायला लागली होती. मी आयुष्यात देवळं बांधली, पण एवढी भीती मला कुठल्या गाभाऱ्यात वाटली नव्हती.

अबू जासिमनं मला घरी नेलं. चहा दिला, खजूर दिले. संध्याकाळपर्यंत आम्ही बसलो. जाताना त्यानं हौसासाठी एक डबा भरून खजूर बांधून दिले. "जवळची आहे ना," म्हणाला. त्यानंतर मी त्याला भेटलो नाही. पुढच्या वर्षी तिकडं लढाई पेटली.

मी गावाला आलो ते पितृपंधरवड्यात. हौसा एसटीच्या थांब्यावर आली होती. चौदा महिन्यांनी बघितलेला नवरा, पण तिनं आधी तेच विचारलं.

"अवो, नाव हाय?"

मी चालता चालता सगळं सांगितलं. ती मधेच थांबली.

"हाय म्हणून सांगा," ती म्हणाली.

"खोटं?"

"मग काय करायचं? बायका तिच्यापुढनं कशा जात्यात ते तुम्ही बघत न्हाय. माझ्याच्यानं बघवत न्हाय. मेला म्हणून सांगा. चार दिवस रडंल आन् मोकळी हुईल."

"आणि पांढरं नेसवू?"

"कायतरी एक नेसवू," हौसा म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला.

घरी येईपर्यंत माझं काही ठरलं नव्हतं. चिमाआज्जी चुलीपुढं बसली होती. मी पाया पडलो. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि मला खोटं बोलणं जमलं नाही. सगळं सांगितलं.

"केवढी म्हणालात भिंत? आपल्या देवळाएवढी?"

"आपली दहा देवळं मावतील."

"आन् नाव न्हाय."

"नाही, आज्जी. आकडा आहे. बाकीचे चारशे अठरा."

हौसानं हुंदका दिला.

"रडतीस कशाला गं?" चिमाआज्जी म्हणाली. "मेलं का कोण?"

मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "त्या समद्यांच्या बायका असतील की. त्यास्नी कुणी कळवलं असंल का?"

"कुणाला कळवलं असेल, कुणाला नसेल."

"आन् तिकडली माणसं? आपली फौज गेली म्हंजी तिकडलीबी मेली असतील. ती कुटं लिवलीत?"

हे मी सांगणार नव्हतो. पण तिनं विचारलं, म्हणून मी अबू जासिमच्या बापाचं सांगितलं. बंदूक कुणाची होती तेही सांगितलं. ती चुलीतल्या जाळाकडं बघत होती.

"वीस-बावीस वर्साचा म्हणाला?"

"हो."

"फेटा होता?"

"हो."

तिनं लाकूड आत सारलं आणि म्हणाली, "अवसेला चार पायली तांदूळ लागंल. हौसे, शेजारणीची मोठी पातेली मागून आण."

सर्वपित्री अमावास्येला घरोघर पितरांचा घास ठेवतात. चिमाआज्जीनं नवऱ्याचा घास साठ वर्षांत कधी ठेवला नव्हता. त्या दिवशी उजाडायच्या आत तिनं भात शिजवला, आणि आम्ही पातेली नदीवरच्या सपाट खडकावर नेली. पळसाची पानं मांडली. ती पाय पसरून बसली आणि मुटके वळायला लागली. प्रत्येकावर तीळ आणि तुपाचा थेंब. मी वीस-वीसच्या ओळी लावत होतो.

"आज्जे, त्यात मुसलमानबी असतील," हौसा म्हणाली. "शेख म्हणून नाव होतं म्हणत्यात. त्यास्नी पिंड चालतोय का?"

"पिंड कुटं हाय? घास हाय. भात कुणाला चालत न्हाय गं?"

नदीवर धुणं घेऊन आलेल्या बायका थांबल्या. एकीनं विचारलं, हे काय. हौसानं सांगितलं. ती बाई धुणं खाली ठेवून पानं पुसायला बसली. मग दुसरी बसली. नऊ वाजेपर्यंत तीस-चाळीस बाया होत्या. ज्या वळसा घालून जायच्या त्या सगळ्या होत्या. खडकावर पांढऱ्या घासांच्या ओळीमागून ओळी वाढत गेल्या आणि पलीकडच्या बाभळींवर कावळे येऊन बसले, एवढे की झाडं काळी दिसायला लागली. मी बसऱ्याची भिंत बघितली होती. पण त्या खडकासमोर मला कसं उभं राहावं ते कळेना, म्हणून मी वाकून पानं लावत राहिलो.

शेवटी तिनं हात थांबवला आणि तांब्यातल्या पाण्यानं बोटं धुतली.

मी मोजलं होतं. "आज्जी, चारशे सतरा झाले. एक राहिला."

"एक कसा राहील?"

"चारशे अठरा होते."

"व्हते की. त्यातला एक माझा. त्याला मेलेला मी बघितला न्हाय, तुम्ही बघितला न्हाय, आन् ती भिंत बांधली त्यांनी तर बघितलाच न्हाय. जित्या माणसाचा घास ठिवत्यात व्हय?" मग तिनं बायांकडं मान वळवली. "मी गेले की हिरवं नेसवा. आत्ता समद्यांनी ऐकलं. मागनं भांडू नगा."

तिच्या शेजारी बसलेल्या म्हातारीनं आपल्या हातानं तिचा पदर सारखा केला. पुढं चार वर्षांनी चिमाआज्जी गेली तेव्हा त्याच बायांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं आणि मळवट भरला. हौसालाही मी हिरवंच नेसवलं. भाग्याची गेली, असं लोक म्हणाले.

मला वाटलं, आता झालं. मी पातेली उचलायला गेलो तर चिमाआज्जी म्हणाली, "थांबा."

तिनं पातेल्याच्या तळातून भात गोळा केला आणि एक घास वळला. बाकीच्यांपेक्षा मोठा. त्याच्यावर तूप जास्त घातलं. उठताना माझ्या हाताचा आधार घेतला आणि ओळी सोडून, पार पाण्याच्या कडेला गेली. तिथं एक पान ठेवलं.

"ह्यो त्या नावाड्याचा," ती म्हणाली. "ह्याचं तरी नाव घिऊन ठिवू. काय नाव त्याचं?"

मी त्या माणसाच्या लेकाबरोबर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसलो होतो. त्याच्या घरी चहा प्यायलो होतो, त्याचे खजूर खाल्ले होते. बापाचं नाव कोर, असं तो मला म्हणाला होता, आणि माझ्या हातात छिन्नी होती.

"विचारलं नाही, आज्जी."

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"तुम्हीबी?" ती म्हणाली, आणि घास पानावर ठेवला.